घारापुरी, लेणी वगळून : वस्तीच्या इतिहासाच्या फलकांच्या प्रकल्प नोंदी

९ ऑक्टोबर २०२३, सोमवार

काम ठरलं. बेटावरच्या तरुणांना गावातल्या एका खोलीत फलक लावायचे आहेत. विषय : घारापुरीची, म्हणजे एलिफंटा बेटाची वस्ती. अट एकच, लेण्यांवर फलक नको. "लेणी बघायला जग येतं ताई. ते वरती आहे, ते तिथं बघतील. इथं आमचं लिहा."

सोमवारीच भेटायचं असंही ठरलं. लेणी त्या दिवशी बंद असतात, गर्दी नसते आणि दुकानं लावणाऱ्यांना बोलायला सवड असते.

मी मजकूर लिहायचा, सहकाऱ्याने नकाशे काढायचे. गावातला एक जण लाँचवर काम करतो, तो खाडीची माहिती देणार. एकूण आठ फलक, सगळे मराठीत. कुणीतरी इंग्रजी भाषांतराचा विषय काढला, पण मंडळींनी तो पुढे ढकलला. मला बरं वाटलं.

पहिली अडचण आजच दिसते आहे. या बेटाबद्दल ज्याने ज्याने लिहिलं तो लेण्यांसाठी आला होता. होडीतून उतरायचा, पायऱ्या चढायचा, सदाशिवाच्या मूर्तीपुढे थक्क व्हायचा आणि परत जायचा. खालच्या घरांबद्दल लिहिलंच तर येता-जाता अर्धं वाक्य. म्हणजे हे अर्धं वाक्यच शोधायचं आहे.

१४ ऑक्टोबर

पायाभूत नकाशा तयार. दोन टेकड्या, मध्ये घळ. पश्चिमेच्या टेकडीत मुख्य लेण्यांसह पाच, पूर्वेच्या टेकडीकडे उरलेली दोन आणि माथ्यावर विटांचा स्तूप. बेटाची लांबी अडीच किलोमीटरच्या आत-बाहेर. किनाऱ्याला चिखल आणि कांदळवन, म्हणून होडी लागायच्या जागा मोजक्याच, आणि वस्ती नेमकी त्याच जागी : वायव्येला शेतबंदर, ईशान्येला मोराबंदर, दक्षिणेला राजबंदर. राजबंदरालाच जुनी मंडळी नुसतं घारापुरी म्हणतात.

नकाशावर बेटावरचं मोराबंदर आणि उरणचं मोरा बंदर वेगवेगळ्या रंगांत दाखवायला सांगितलं. मुंबईची माणसं दोन्ही एकच समजतात.

तालुका उरण, जिल्हा रायगड. हे ठळक हवं, असा गावाचा आग्रह. बेट मुंबईचं नाही. गेटवेहून तासाभरात पोचता येतं म्हणून सगळ्यांना ते मुंबईचं वाटतं, पण सातबारा, तलाठी, तहसील सगळं उरणला.

३० ऑक्टोबर, सोमवार

कोजागिरी परवा झाली, तेव्हा उधाणाची ओहोटी मिळणार म्हणून पहाटेच होडी काढली. उजाडायच्या सुमारास मोराबंदरला उतरलो. पाणी लांब मागे हटलेलं, चिखलात पाय पिंढरीपर्यंत जात होते.

मोराबंदरची ही बाजू मला फलकांमध्ये सगळ्यात आधी हवी आहे. पर्यटक इकडे फिरकत नाही, आणि बेटाची सर्वांत जुनी खूण मात्र इथेच वरती आहे. तो स्तूप इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासचा मानतात. खाली किनाऱ्यालगत, भरतीत बुडणाऱ्या पट्ट्यात पुरातत्त्व खात्याला आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांना विटांच्या बांधकामाचे अवशेष, नाणी आणि रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले आहेत. दोन कान असलेले, खाली निमुळते होत जाणारे हे कुंभ भूमध्य समुद्राकडून दारू आणि तेल घेऊन यायचे. म्हणजे शिवाची लेणी कोरली जाण्याच्या कितीतरी आधी इथे जहाजं थांबत होती, माल उतरत होता आणि तो उतरवून घेणारी माणसं होती. वस्ती आधी, लेणी नंतर. बेटाचा सगळा लोकप्रिय इतिहास हा क्रम उलटा सांगतो.

बरोबरच्या मुलांना बजावलं की चिखलात खापर दिसलं तर उचलायचं नाही, जागेवरच फोटो काढायचा. एकाने लगेच विचारलं, "मग लहानपणी उचललेल्यांचं काय?" त्यावर मी गप्प बसले. खात्याला कळवणं हे योग्य उत्तर आहे, आणि ते फलकावरही लिहायचं आहे.

समोर न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन दिसतात. ते बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. दोन हजार वर्षांपूर्वीचा माल आणि आजचे कंटेनर एकाच पाण्यातून गेले. ही जोडी फोटोसाठी मोहक आहे, पण त्यावर काव्य नको.

परत निघताना एका आजीने हटकलं. "आमचं गाव कोन बघतंय? सगली लेणी बघाला येतान." त्यांना म्हटलं, आजी, आम्ही गावच बघायला आलोय. विश्वास बसला नसावा, पण चहा दिला.

१० नोव्हेंबर

दिवाळीच्या तोंडावर भांडण. विषय : घारापुरी ही राजधानी होती का?

कर्नाटकातल्या ऐहोळेचा शिलालेख शके ५५६ चा, म्हणजे इ.स. ६३४-३५ चा. कवी रविकीर्ती आपल्या राजाचं, चालुक्य दुसऱ्या पुलकेशीचं कौतुक करताना सांगतो की त्याने शेकडो नौकांनिशी पुरीला वेढा घातला, आणि पुरीला तो पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणतो. ही पुरी कोकणच्या मौर्यांची. ती कुठली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण घारापुरी म्हणतात, काही जंजिऱ्याजवळची राजपुरी, आणखीही नावं पुढे येतात.

मुलांना सरळ हवं आहे : "घारापुरी, मौर्यांची राजधानी." मी म्हटलं, असं छापलं आणि उद्या एखादा जाणकार आला तर तो बाकीच्या फलकांवरही विश्वास ठेवणार नाही. शिवाय बेटाचा आकार, पाण्याची ओढाताण, शेतीची जमीन पाहिली तर राजधानीचा पसारा इथे मावेल का, हा प्रश्न आपल्यालाच पडायला हवा. बंदर, देवस्थान, जकातीचं ठाणं हे मला सहज पटतं. राजधानी म्हटलं की मी अडखळते.

तडजोड : फलकाचं शीर्षक "पुरी कुठे होती?" आणि खाली दोन्ही बाजू. कुणीच खूश नाही.

त्यापेक्षा मला नाण्यांची गोष्ट महत्त्वाची वाटते. कलचुरी राजा कृष्णराजाची हलक्या किमतीची तांब्याची नाणी बेटावर बरीच सापडली. कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांचं म्हणणं होतं की लेण्यांवर काम करणाऱ्यांच्या मजुरीत ही नाणी दिली गेली असावीत. मोठ्या लेण्याचा काळ सहाव्या शतकाच्या मध्याला नेण्यासाठी या नाण्यांचा आधार घेतात. मला मात्र या नाण्यांत सुट्टे पैसे दिसतात. सुट्टे पैसे लागतात ते रोजच्या देवाणघेवाणीला : मीठ, तेल, मासळी, भात. पाथरवट दिवसभर घण मारायचे आणि संध्याकाळी खाली येऊन जेवायचे. त्यांना कुणीतरी रांधून घालत होतं, विकत होतं. लेण्यांच्या कलेवर कपाटं भरतील एवढं लिहिलं गेलं, या स्वयंपाकावर एक ओळ नाही. फलक तिसरा यावरच. कृष्णराजाचं चित्र नको, नाण्याचं मोठं रेखाटन हवं.

४ डिसेंबर, सोमवार

पोर्तुगीज कागद. इथे अपेक्षेपेक्षा जास्त हाती लागलं.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला, त्यात हे बेट गेलं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य त्याच वर्षी इकडे आला आणि त्याने लेणी पाहिली. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात तो हळहळतो की गुरं आत शिरून देवळाची फार नासधूस झाली आहे.

लेण्यांचे अभ्यासक हे वाक्य दुःखाने उद्धृत करतात. मी ते दोनदा वाचलं आणि चक्क आनंद झाला. गुरं! गुरं काही पोहत येऊन लेण्यात बसली नाहीत. ती कुणाची तरी होती. कुणीतरी ती चरायला सोडत होतं आणि उन्हापावसात ती मोठ्या लेण्याच्या सावलीत जाऊन बसत होती. त्यांच्या मागे घर, गोठा, पेंढा, पेंढ्यामागे भाताचं शेत. तक्रार लेण्यांची आहे, साक्ष वस्तीची.

दुसरा कागद कोरडा, पण माझ्या दृष्टीने अधिक पक्का. १५४८ मध्ये हे बेट जुआंव पिरिस नावाच्या माणसाला वर्षाला १०५ पार्दाव (तेव्हाचं पोर्तुगीज चलन) एवढ्या खंडाने दिलं गेलं. खंड देवांकडून निघत नाही. तो भातातून, ताडामाडातून, मासळीतून निघतो, आणि त्यासाठी राबणारे हात लागतात. पट्टेदाराचं नाव कागदावर राहिलं, राबणाऱ्यांचं एकही नाही.

फलक चौथा : वर ओर्ताची गुरं, खाली खंडाचा आकडा.

याच काळातली एक गोष्ट सगळ्या मार्गदर्शकांच्या तोंडी असते. लेण्यातला एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढून आपल्या राजाकडे धाडला, तिथे तो कुणाला वाचता आला नाही आणि पुढे हरवला. दियोगो द कोतो या इतिहासकाराने हे लिहून ठेवलं आहे. तो दगड असता तर लेणी कुणी कोरली हा वाद कदाचित मिटला असता. पण तो लेण्यांचा विषय झाला. आपल्या अटीप्रमाणे बाहेर.

२१ डिसेंबर

भायखळ्याला जाऊन हत्ती पाहिला. राणीच्या बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो उभा आहे. काळ्या दगडाचा, जोडाच्या रेषा स्पष्ट दिसतात. बाजूने शाळेची रांग चालली होती, कुणी थांबलं नाही.

हा हत्ती राजबंदराजवळ उभा होता. पोर्तुगीज तिथेच उतरायचे, त्यांना आधी तोच दिसला, म्हणून बेटाचं नाव एलिफंटा झालं. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोकं गळून पडलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना क्रेनने दगा दिला आणि हत्तीचे तुकडे झाले. तुकडे मुंबईत आणून ठेवले आणि १९१४ मध्ये पुन्हा सांधले.

गावातल्यांना हत्ती परत हवा आहे का, असं मी विचारलं होतं. मतं दोन. थोरले म्हणतात आणा, राजबंदरला उभा करा. तरुण म्हणतात त्याआधी राजबंदरला नीट धक्का आणा.

आणि इथेच सगळ्या फलकांचा सांगाडा सुटला. पोर्तुगीजांच्या वेळी बेटाचं दार दक्षिणेला होतं. मराठ्यांच्या साष्टी-वसईच्या मोहिमेनंतर बेट मराठ्यांकडे आलं. १७६४ मध्ये कार्स्टन नीबुर हा युरोपीय प्रवासी आला तेव्हा ते त्यांच्याकडेच होतं आणि तिथे गरीब कुटुंबं राहत होती, असं तो सांगतो. (हे ते अर्धं वाक्य!) १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टीबरोबर घारापुरीही घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. त्यानंतर बेट मुंबईकडे तोंड करून बसलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एका लोहाणा व्यापाऱ्याने वायव्येकडून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या बांधून दिल्या. शेतबंदर पुढचं दार झालं, राजबंदर परसदार. हत्ती पुढच्या दारी राहिला असता तर त्याची मान गळल्यावर एवढी वर्षं तो तसाच पडून राहिला असता का, ही माझी शंका. फलकावर नाही लिहिणार.

म्हणजे फलक शतकांप्रमाणे नकोत, बंदरांप्रमाणे हवेत. खोलीच्या तीन भिंती, तीन बंदरं. त्या त्या काळात बेट कुणाकडे पाहत होतं, त्यावरून कुठलं गाव वर आलं आणि कुठलं मागे पडलं. आधी मोराबंदर, मग राजबंदर, मग शेतबंदर.

सहकाऱ्याला फोन केला. नकाशे पुन्हा काढावे लागणार म्हणून तो चिडला, पण कल्पना पटली.

१५ जानेवारी २०२४, सोमवार

शिवडी-न्हावा पूल, म्हणजे अटल सेतू, परवा खुला झाला. साधारण २२ किलोमीटरचा. बेटाच्या उत्तरेकडून समुद्रातून जातो. मोराबंदरला बसलेल्या दोन काकांचं सगळं बोलणं त्यावरच. एकाला वाटतं आता मुंबईची माणसं न्हाव्याला गाडी लावून इकडून बेटावर येतील. दुसऱ्याचं उत्तर : "येतील कशी, पुलाला काय आमच्याकडं शिडी ठेवलीय?"

आजचं काम विजेचा फलक. यासाठी मी सगळ्यात जास्त माणसांशी बोलले, कारण हा इतिहास सांगणारे हयात आहेत.

तारीख : २२ फेब्रुवारी २०१८. त्या दिवशी घारापुरीत सरकारी वीज आली. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल, खर्च सुमारे २५ कोटी रुपये. त्याआधी संध्याकाळी तीन-साडेतीन तास जनरेटर चालायचा. तो बंद झाला की कंदील.

हे गाव कुठल्या दुर्गम डोंगरात नाही. रात्री धक्क्यावर उभं राहिलं की सभोवती नुसता झगमगाट : मुंबई, बुचर बेटावरचं तेलाचं धक्कास्थान, ट्रॉम्बेकडचा अणुसंशोधन केंद्राचा किनारा, न्हावा-शेव्याच्या क्रेनवरचे दिवे. एक बाई म्हणाल्या, "पोरगी विचारायची, त्यांच्याकडं हाय तर आपल्याकडं का नाय? मी काय सांगू?"

१८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आला तेव्हा मोठ्या लेण्यात मेजवानी झाली होती. १९८७ मध्ये लेणी जागतिक वारसा यादीत गेली. खालच्या घरात रात्रभर पंखा फिरायला २०१८ उजाडलं. ही तीन सालं फलकावर एकाखाली एक छापायची, मध्ये एक शब्दही नको.

वीज आल्यावर काय बदललं, याची उत्तरं मोठ्या गोष्टींची नव्हती. मासळी ठेवायला फ्रीज. थंड पेय विकायला बर्फ आणावा लागत नाही. बाहेर राहणारी मुलं सुट्टीत आली की जास्त दिवस टिकतात. एका घरात पहिल्यांदा मिक्सर लावला तेव्हा शेजारची मंडळी आवाज ऐकायला जमली होती.

केबल न्हाव्याच्या बाजूने आली. सहकारी म्हणाला, बघ, पुन्हा पूर्व. तोंड परत मोराबंदरकडे वळतंय की काय. केबल, पूल, क्रेन, सगळं तिकडेच. विचार चांगला आहे, पण एवढ्यात तो छापणं घाईचं. या फलकाची जागा मात्र बदलली : शेतबंदरच्या भिंतीवरून मोराबंदरच्या भिंतीवर.

१२ फेब्रुवारी, सोमवार

पाणी आणि घरं. लेण्यांजवळची जुनी टाकी, गावच्या विहिरी, पावसाच्या पाण्यावर भरणारं धरण. मार्च सरला की काटकसर. याचा नकाशा सोपा, लगेच झाला.

घरांचा विषय सोपा नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्याप्रमाणे संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. बेट एवढंसं, त्यात स्मारकं दोन्ही टेकड्यांवर, किनाऱ्याला किनारपट्टीचे नियम. मुलाचं लग्न झालं, वरती एक खोली चढवायची आहे, तर काय करायचं? जवळपास प्रत्येक घरात ही गोष्ट आहे. काहींचा राग आहे, तो त्यांनी मोकळेपणाने सांगितला. फलकावर नियम साध्या भाषेत द्यायचे आणि खाली एक ओळ : लोक इथे लेण्यांच्या आधीपासून राहतात. हिला पुरावा मोराबंदरच्या भिंतीवर आहेच, म्हणून ती घोषणा वाटणार नाही. मात्र त्या काळची माणसं आणि आजची आगरी-कोळी घरं यांची सलग वंशरेषा दाखवावी, असा एकाचा आग्रह होता. ते केलं नाही. जागेवर वस्ती सातत्याने दिसते. घराणी तीच होती असं म्हणायला आधार नाही.

शाळेचा फलक रद्द, मजकूर कमी आणि भावना जास्त होत होत्या. दोन ओळी विजेच्या फलकात घेतल्या. उरले सात.

८ मार्च, महाशिवरात्र

कच्च्या छपाईचे फलक धक्क्याजवळ दोऱ्यांना अडकवून दिवसभर ठेवले. जत्रेला उरण-पनवेलकडची माणसं होड्या भरून आली. हे लोक लेण्यांना वारसा म्हणून बघत नाहीत, देवाला म्हणून येतात. बेल, नारळ, उपासाची खिचडी. मुंबईकडची गर्दी वेगळी, ती कॅमेऱ्यातून बघते. शेतबंदरच्या धक्क्यावर दोन्ही रांगा एकमेकींना ओलांडत होत्या.

निरीक्षणं. सर्वांत जास्त माणसं विजेच्या फलकापुढे थांबली. त्या खालोखाल ओर्ताच्या गुरांपुढे, आणि हसत होती. "पुरी कुठे होती?" वाचून एका शिक्षकांनी माझ्याशी पाऊण तास वाद घातला, ते राजपुरीच्या बाजूचे. मुलांना तो वाद इतका आवडला की आता त्यांना हाच फलक दाराजवळ हवा आहे. खंडाचा आकडा कुणी वाचला नाही, अक्षर बारीक पडलं.

राजबंदरच्या काही बायका आल्या. त्यांची भिंत सगळ्यात रिकामी का, हा त्यांचा पहिला प्रश्न. हत्ती नेला, खंड नेला, शिलालेखाचा दगड नेला, म्हणून, असं मी म्हटलं. "मग तेच लिहा ना," त्या म्हणाल्या.

११ मार्च, सोमवार

शेवटच्या दुरुस्त्या. राजबंदरच्या भिंतीवर नवा फलक : "इथून काय काय गेलं." त्यात हत्ती, त्याच्या गळालेल्या मानेची आणि फसलेल्या क्रेनची हकिकत, आणि दियोगो द कोतोने नोंदवलेला हरवलेला शिलालेख. लेणी वगळायची अट इथे थोडी वाकली, पण ती घालणाऱ्यांनीच वाकवली. फलक पुन्हा आठ.

खंडाचा आकडा चौपट मोठा. अटल सेतू नकाशात नुसत्या रेषेने, मजकुराशिवाय. फ्लेक्स नको, खाऱ्या हवेत दोन पावसाळे निघणार नाहीत. सनबोर्डवर जाड व्हिनाइल, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. छपाई पनवेलला, माल न्हाव्याहून होडीने. होडीच्या तांडेलाने सांगितलं आहे की फलक उभे आणायचे, आडवे नाही, आणि जूनच्या आत. पाऊस लागला की तो जबाबदारी घेणार नाही.